वाचकांचे प्रश्न : आपल्या नावाने संगणकाने पाठवलेले मेल

गेल्या काही आठवड्यांत सांगली, मिरज आणि सातारा या भागांतून आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच होता. दुकानातल्या किंवा संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावर एक लहान स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला क्रमाने आज्ञा देणारा छोटा प्रोग्राम, लिहून ठेवायची, आणि बिले, पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीच्या हिशोबाचे कागद), सूचना, शुभेच्छा तिने आपल्या नावाने ठरल्या वेळी मेलने पाठवायच्या, अशी ही सोय आहे. तिच्यात अडचणी कोठे येतात हे पत्रांवरून चांगले लक्षात येते, म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

स. न. वि. वि. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळद आणि बेदाण्याची अडत आहे. सौदे संपले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि खरेदीदारांची बिले मेलने पाठवतो. २०२० साली माझ्या पुतण्याने त्यासाठी पायथॉन या संगणकाच्या भाषेत स्क्रिप्ट लिहून दिली होती. तो पुण्याला नोकरीला गेल्यावर ती तशीच पडून राहिली. आता चालवली, तर पासवर्ड बरोबर असूनही जीमेल तो नाकारते आणि ५३५ असा आकडा दिसतो. 'कमी सुरक्षित ॲपना परवानगी' अशी एक सोय चालू करा, असे एकाने सांगितले, पण ती कोठेच सापडत नाही.
— एक अडत व्यापारी, सांगली

ती सोय आपल्याला सापडणार नाही, कारण गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती ३० मे २०२२ पासून बंद केली आहे. आपल्या पुतण्याने स्क्रिप्ट लिहिली तेव्हा खात्याचे नाव आणि नेहमीचा पासवर्ड दिला की काम होत असे. आज तेवढ्यावर सर्व्हर, म्हणजे मेल स्वीकारणारा कंपनीचा संगणक, दार उघडत नाही. म्हणजे स्क्रिप्टमध्ये चूक नाही, तिच्या पश्चात नियम बदलला आहे. आपले खाते जीमेलऐवजी आउटलुक डॉट कॉमचे असते तरी हीच वेळ आली असती, कारण मायक्रोसॉफ्टनेही वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डची पद्धत १६ सप्टेंबर २०२४ पासून थांबवली.

हा नियम बदलण्यामागचे कारण समजून घ्यावे, म्हणजे पुढची व्यवस्था जाच वाटणार नाही. मेल पाठवण्याची जी बोली आपली स्क्रिप्ट बोलते, ती एसएमटीपी, १९८२ साली प्रमाणित झाली. तिच्यातला संवाद अगदी साधा आहे: मी अमुक संगणक बोलतो आहे, पत्र अमक्याकडून आहे, तमक्याला द्यायचे आहे, आणि हा मजकूर. त्या मूळ संवादात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची पायरीच नव्हती, कारण तेव्हाचे जाळे एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या संस्थांचे होते. नको असलेल्या मेलचा पूर येऊ लागल्यावर १९९८ च्या अखेरीस वापरकर्त्याने मेल सोपवण्यासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे क्रमांक दिलेले दार, ठरले आणि १९९९ साली ओळख पटवण्याची पायरी अधिकृतपणे जोडली गेली. पण तिथे द्यायचा पासवर्ड लोक स्क्रिप्टमध्येच उघड अक्षरांत लिहून ठेवत राहिले. दुकानातल्या संगणकावरची ती एक फाइल ज्याच्या हाती लागेल, त्याच्या हाती मेल, फोटो, संपर्क, सगळे खाते जाते. हा धोका मोठा आहे आणि तो टाळण्यासाठी कंपन्यांनी कडक व्हावे हे मला योग्य वाटते.

आता उपाय. प्रथम दुकानाच्या कामापुरते एक स्वतंत्र जीमेल खाते उघडावे. घरचे किंवा बँकेला दिलेले खाते यासाठी वापरू नये. त्या खात्यावर दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याची सोय) चालू केल्यानंतर सुरक्षेच्या विभागात 'ॲप पासवर्ड' तयार करता येतो. तो १६ अक्षरांचा असतो आणि एकदाच दाखवला जातो. स्क्रिप्टमध्ये या नव्या खात्याचे नाव घातले आणि जुन्या पासवर्डच्या जागी तो वापरला की बहुतेक वेळा बाकी काही बदलावे लागत नाही. स्वतंत्र खाते घ्या असे सांगण्याचे कारण हे की ॲप पासवर्डसुद्धा फक्त पाठवण्यापुरता मर्यादित नसतो. त्याने त्या खात्यातले मेल वाचताही येतात. आणखी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे: खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात. दिवाळीच्या साफसफाईत कोणी पासवर्ड बदलेल आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या जाणार नाहीत, तेव्हा हे आठवावे.

ॲप पासवर्डही स्क्रिप्टच्या मजकुरात लिहू नये. विंडोजमध्ये पासवर्ड सुरक्षित ठेवण्यासाठी क्रेडेन्शियल मॅनेजर आहे आणि पायथॉनमधून तिथला पासवर्ड वाचण्यासाठी कीरिंग नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, आहे. हे काम पुतण्याने एका रविवारी फोनवरून सांगितले तरी अर्ध्या तासात होईल. सर्व्हरचा पत्ता तोच ठेवून पोर्ट मात्र तपासावे. ५८७ वर संवाद साधा सुरू होतो आणि मग स्टार्ट-टीएलएस या आज्ञेने तो गुप्त करावा लागतो. ४६५ वर तो पहिल्यापासूनच गुप्त असतो. दोन्ही चालतात, पण एकाचे पोर्ट आणि दुसऱ्याची आज्ञा अशी सरमिसळ झाली की स्क्रिप्ट काही न बोलता अडकून राहते किंवा चूक दाखवून थांबते.

आपण विचारलेले नाही, तरीही मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, माल किती, दर काय, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती, हे सगळे असते. अशा कामासाठी लिहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्ट यादीतल्या पहिल्या ओळीला फोल्डरमधली पहिली फाइल, दुसऱ्या ओळीला दुसरी फाइल, अशा क्रमाने जोडतात. ज्या दिवशी एका शेतकऱ्याची पट्टी तयार झाली नसेल, त्या दिवशी त्याच्या खालच्या प्रत्येकाला शेजाऱ्याची पट्टी जाईल, आणि गेलेला मेल परत बोलावता येत नाही. म्हणून जोडणी क्रमाने कधीही करू नये. प्रत्येक शेतकऱ्याला खाते क्रमांक द्यावा, तोच क्रमांक पट्टीच्या फाइलच्या नावात असावा, आणि दोन्ही जुळले नाहीत तर स्क्रिप्टने तो मेल न पाठवता नाव बाजूला काढावे. पहिला आठवडाभर सर्व मेल शेतकऱ्यांऐवजी आपल्याच पत्त्यावर पाठवून एकेक उघडून पाहावेत. यात वेळ जातो हे मला माहीत आहे. एका चुकीच्या पट्टीने गावात जो बभ्रा होतो, तो निस्तरायला याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

संख्येची चिंता करू नये. वैयक्तिक जीमेल खात्यातून दिवसाला ५०० पर्यंत मेल पाठवता येतात; ती मर्यादा ओलांडली तर पाठवणे साधारण एक दिवसापर्यंत थांबवले जाते. एका अडतीच्या रोजच्या कामाला ती पुरेशी आहे.

आमच्या गृहनिर्माण संस्थेची देखभाल खर्चाची बिले दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे आपोआप जावीत, अशी व्यवस्था मी केली आहे. गेल्या महिन्यात मध्येच वीज गेली. सकाळी स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तेव्हा निम्म्या सभासदांना दोन दोन बिले गेली आणि काहींनी दोनदा पैसे भरले. एका सभासदाला मात्र एकही बिल मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. स्क्रिप्ट मात्र 'सर्व मेल पाठवले' असे दाखवते. कोणावर विश्वास ठेवावा?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, विश्रामबाग, सांगली

सचिव महोदय, आपल्या कार्यालयात कागदी पत्र बाहेर जाते तेव्हा त्याची नोंद जावक नोंदवहीत होते. जावक क्रमांक, तारीख, कोणाला, कशाबद्दल, हे लिहिल्याशिवाय शिपाई पत्र घेऊन निघत नाही. आपल्या स्क्रिप्टला नेमकी तीच वही नाही. ती यादीच्या वरच्या टोकापासून सुरू होते आणि खालपर्यंत जाते. मध्ये थांबली तर आपण कोठे होतो हे तिला आठवत नाही, म्हणून ती पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करते.

मी हे तत्त्व म्हणून सांगत नाही, अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना पाठवण्याचे काम मी अंगावर घेतले होते. यादीतल्या एका पत्त्यात मोकळी जागा राहून गेली होती, तिथे स्क्रिप्ट अडखळून बंद पडली. मी दुरुस्ती करून ती पुन्हा चालवली, ती पुढच्या दुसऱ्या चुकीच्या पत्त्यावर थांबली, आणि मी तिसऱ्यांदा चालवली. सुरुवातीच्या सभासदांना एकच सूचना तीन वेळा गेली. सभेची तारीख तीनदा बदलली असावी, असे समजून दोन वयोवृद्ध सभासद संस्थेत चौकशीला आले. त्यांना उन्हातून यावे लागले याची खंत मला आजही आहे, आणि तेव्हापासून नोंदवहीशिवाय एकही मेल मी यंत्राच्या हाती दिलेला नाही.

ही वही म्हणजे एक साधी फाइल. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी, चालेल; एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा लहान डेटाबेस, असेल तर अधिक चांगले. प्रत्येक बिलासाठी एक ओळ असावी आणि तिचा क्रमांक महिना व सदनिका मिळून ठरावा, म्हणजे एका महिन्यात एका सदनिकेसाठी दुसरी ओळ होऊच शकणार नाही. मेल पाठवण्यापूर्वी त्या ओळीत 'पाठवत आहे' असे लिहावे आणि सर्व्हरने स्वीकारल्यावर 'स्वीकारले' असे बदलून वेळ नोंदवावी. पुन्हा चालवताना स्क्रिप्टने 'स्वीकारले' असलेल्या ओळी सोडून द्याव्यात. वीज नेमकी त्या दोन नोंदींच्या मध्ये गेली तर एक ओळ 'पाठवत आहे' अशा स्थितीत राहील. तिचा निर्णय स्क्रिप्टने करू नये. आपण खात्यातला पाठवलेल्या मेलचा विभाग उघडून पाहावे आणि मगच ठरवावे. वीज एकदा गेली तर अशी ओळ एखादीच असते, त्यामुळे हे काम दोन मिनिटांचे आहे.

मी 'पोहोचले' न म्हणता 'स्वीकारले' हा शब्द मुद्दाम वापरला, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. सर्व्हर २५० असे उत्तर देतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की पत्र मी ताब्यात घेतले, आता जबाबदारी माझी. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यासारखे ते आहे. पुढे सभासदाचा पत्ता चुकीचा निघाला, त्यांची पेटी भरलेली असली, तर नकाराचे पत्र थोड्या वेळाने, कधी दोन-तीन दिवसांनी, पाठवणाऱ्याच्या खात्यात येते. ते पत्र 'मेलर-डीमन' अशा नावाने येते आणि बरेच जण ते जाहिरात समजून पुसून टाकतात. आपण त्या खात्याची आवक उघडून शोध घ्या. त्या सभासदांच्या नावाचे परत आलेले पत्र तिथे असण्याची शक्यता मोठी आहे. नसेल, तर त्यांना स्पॅमचा विभाग पाहायला सांगा. म्हणजे सभासदही खरे बोलत आहेत आणि स्क्रिप्टही, फक्त स्क्रिप्टला तिच्या दारापलीकडचे दिसत नाही. ज्या खात्यातून मेल जातात त्याची आवक आठवड्यातून एकदा वाचणारा माणूस नेमणे, हा जावक नोंदवहीचा दुसरा अर्धा भाग आहे.

वीज जाण्याचा बंदोबस्तही करता येतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीत, एक पर्याय असा आहे की नियोजित वेळ चुकली तर संगणक चालू झाल्यावर शक्य तितक्या लवकर काम सुरू करावे. तो मुळात बंद असतो, चालू करावा. लॅपटॉप वापरत असाल तर दुसरी एक खूण काढावी लागेल, कारण शेड्युलर मुळात विजेवर जोडलेला असतानाच काम सुरू करतो, बॅटरीवर नाही. कोणी लॉग-इन केलेले नसतानाही काम चालावे अशी खूण केली असेल, तर जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह, म्हणजे झेड किंवा वाय अशा अक्षरांचे, त्या वेळी दिसत नाहीत. बिलांच्या फाइली तिथे असतील तर त्या अक्षराऐवजी, फाइली असलेल्या संगणकाच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण मार्ग द्यावा. आणि शेड्युलरच्या 'काम यशस्वी' या शेऱ्यावर विसंबू नये. स्क्रिप्टने आपली चूक आतल्या आत गिळली असेल, तरी शेड्युलर यशस्वीच म्हणतो.

शेवटी स्क्रिप्टने आपल्याला एक मेल पाठवावा: इतके पाठवायचे होते, इतके स्वीकारले, इतके राहिले, राहिलेल्यांची नावे ही. तो मेल १ तारखेला सकाळी आला नाही, तर स्क्रिप्ट चाललीच नाही असे समजावे. यासाठी तो यायला हवा हे लक्षात ठेवणारे कोणीतरी हवे, म्हणून अध्यक्ष आणि सचिव अशा दोघांनाही तो जावा.

ज्यांनी दोनदा पैसे भरले त्यांची रक्कम पुढच्या बिलात वळती झाल्याचे पत्र आपण स्वतः लिहा, स्क्रिप्टकडून नको.

जाता जाता एक सूचना. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या अनेक कार्यालयांत संगणक पाण्याखाली गेले. सभासदांची यादी आणि ही नोंदवही एकाच यंत्रावर ठेवू नका. रोज रात्री दुसरीकडे प्रत जाऊ द्या.

यादीतली मराठी नावे मेलमध्ये गेल्यावर निरर्थक चिन्हे किंवा प्रश्नचिन्हे होतात. इंग्रजीत नावे लिहिणे हाच उपाय आहे का?
— एक वाचक, मिरज

मुळीच नाही, आणि तो उपाय आपण करू नये असे मी आग्रहाने सांगेन. दोष मराठीचा नसून मधल्या फाइलचा आहे. एक्सेलमधून यादी जतन करताना साधी सीएसव्ही निवडली तर देवनागरी अक्षरे तिथेच नष्ट होऊन प्रश्नचिन्हे उरतात. त्याऐवजी 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडावा; यूटीएफ-८ ही देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत आहे. एक्सेल अशा फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवते, त्यामुळे पायथॉनमध्ये ती वाचताना 'यूटीएफ-८-सिग' असे सांगावे, नाहीतर पहिल्या रकान्याचे नाव जुळत नाही. मेल बांधण्यासाठी मजकूर स्वतः जोडत बसू नये. पायथॉनमधला ईमेलमेसेज हा प्रकार विषय, मजकूर आणि जोडलेल्या फाइलचे मराठी नाव योग्य रीतीने गुंडाळतो. नावे जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली असतील तर मात्र ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतील आणि एकदा डोळ्यांखालून घालावी लागतील, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

नवीन संगणक घेतल्यापासून एक्सेलमधला मॅक्रो (एक्सेलमध्येच लिहून ठेवलेल्या आज्ञांची मालिका) आउटलुकमधून मेल पाठवत नाही. जुन्या संगणकावर हाच मॅक्रो दहा वर्षे चालला.
— एक लेखापाल, सातारा

नव्या संगणकावर बहुधा नवे आउटलुक आले आहे. ज्या सोयीने एक्सेल आउटलुकला आज्ञा देत असे, ती सोय नव्या आउटलुकमध्ये ठेवलेलीच नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबरचे जुने, म्हणजे क्लासिक आउटलुक बसवून घेतले तर मॅक्रो पूर्वीसारखा चालेल. आपल्या हिशोबाच्या हंगामात तोच मार्ग घ्या आणि शांतपणे वेळ मिळेल तेव्हा दुसरी व्यवस्था करा. ती करताना व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजमधल्या जुन्या स्क्रिप्ट-भाषेकडे वळू नका, कारण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ती टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. पॉवरशेल या विंडोजच्या नव्या आज्ञा-भाषेतली सेंड-मेलमेसेज ही आज्ञाही कालबाह्य ठरवली गेली आहे. ती अजून चालते, म्हणून लोक सुचवतात. क्लासिक आउटलुक वापरतानाही संगणकावर कोणी लॉग-इन असतानाच मॅक्रो चालवावा. रात्री कोणी नसताना शेड्युलरमधून आउटलुक चालवणे भरवशाचे नाही.

आमचा निवृत्त शिक्षकांचा मित्रमंडळ-गट आहे. प्रत्येकाच्या वाढदिवसाला सकाळी सात वाजता शुभेच्छांचा मेल आपोआप जावा, अशी स्क्रिप्ट माझ्या नातीने करून दिली आहे. यात काही काळजी घ्यावी का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, वाई, जि. सातारा

गुरुजी, आपल्या नातीने स्क्रिप्ट चांगलीच केली असेल, पण ही एकच स्क्रिप्ट अशी आहे की जिने मेल थेट पाठवू नये असे मला वाटते. आपल्या गटातले बहुतेक सभासद सत्तरीच्या पुढचे असतील. एखाद्याचे निधन होते, यादीत ते कोणी नोंदवत नाही, आणि काही महिन्यांनी त्यांच्या घरी, मुलांच्या डोळ्यांसमोर, 'उदंड आयुष्य लाभो' असा मेल येऊन पडतो. कोणाच्या मनात वाईट नसताना त्या घराला असा घाव बसू नये.

म्हणून स्क्रिप्टला एक दिवस आधी आपल्याच खात्यात सूचना पाठवू द्या: उद्या अमुक गुरुजींचा वाढदिवस, मजकूर असा आहे. आपण सकाळी चहा घेताना तो वाचा, हवी तर दोन ओळी स्वतःच्या घाला आणि मगच पाठवा. ज्यांचे निधन झाले आहे त्यांचे नाव यादीतून पुसू नका, कारण पुढे कोणीतरी जुन्या वहीवरून यादी पुन्हा तयार करील आणि ते नाव परत येईल. नाव तसेच राहू द्या, आणि त्यापुढे एक रकाना ठेवून त्यात 'पाठवू नये' असे लिहा. मेल तयार करण्यापूर्वी स्क्रिप्टने सर्वांत आधी तोच रकाना वाचावा, एवढे नातीला सांगा.